गोचिडाच्या चिमट्यावरचं फूल

संपादकांनी मला वाघाची गोष्ट मागितली होती. "निजामाच्या राज्यात तुम्ही बीड जिल्ह्यात जनावरांचे डॉक्टर होता, बालाघाटाच्या डोंगरात उभा जन्म काढलात. एखादा वाघ, एखाद्या जहागीरदाराचा माथेफिरू घोडा, असं काहीतरी आमच्या दिवाळी अंकाला द्या," असं त्यांचं म्हणणं. वाघ मी एकच पाहिला, तोही मेलेला, बैलगाडीत आडवा घातलेला, आणि त्याच्याही कानात गोचीड होते. जहागीरदारांच्या घोड्यांना हैदराबादेहून मोठे डॉक्टर येत. माझा जन्म गेला तो गोचिडांत आणि पिसवांत. तेव्हा त्यांच्यावरच लिहितो. फराळाचं ताट समोर असेल तर आधी ते संपवा.

आणि आधीच सांगून ठेवतो, की हा लेख रागानं लिहिलेला आहे. निवृत्त माणसानं गोड आठवणी लिहाव्यात अशी पद्धत आहे, पण माझ्याजवळ तो माल फारसा नाही.

आमच्या हुद्द्याला तेव्हा सलोत्री म्हणत. तालुक्याच्या गावाबाहेर पत्र्याचं छप्पर, समोर एक मोठा कडुनिंब, त्याच्याखाली बैल अडकवायचा लाकडी खोडा, हा आमचा दवाखाना. माणसं दोन. एक मी आणि दुसरे मलमपट्टी करणारे उस्मानमियाँ. जनावर धरणं, पाडणं, धुणं ही त्यांची कामं, आणि माझा पारा चढला की मला धरणं हेही त्यांचंच काम. सरकारला बैल कळायचा, कारण बैल नांगर ओढतो. घोडा कळायचा, कारण घोड्यावर अंमलदार बसतो. कुत्र्यामांजराच्या पाठीवर कुणी बसत नाही, म्हणून सरकारच्या लेखी ती जनावरंच नव्हती. त्यांच्यासाठी औषध मागितलं की वरून उत्तर यायचं नाही. मी बैलांच्या औषधातून उरवून ठेवत असे आणि कुत्र्यांना वापरत असे. त्याबद्दल मला अजूनही काही वाटत नाही.

सरकारचं एक सोडून द्या. लोकांचं काय? ज्याच्या खळ्यावर, शेतातल्या आखाड्यावर, दाराशी कुत्रं रात्रंदिवस राखणीला, तो माणूस त्याच्या कानातले द्राक्षासारखे फुगलेले गोचीड बघून हसायचा. "कुत्रं म्हनल्यावर गोचीड असनारच की साहेब. त्यात काय बघायचं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता स्वर्गात कुणी म्हटलं तरी मी उठून भांडेन.

ज्यांना या प्राण्याची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिसू आणि गोचीड या दोन वेगळ्या पीडा. पिसू उडी मारते, चावते, पळते. तिची अंडी धुळीत, सतरंजीत, गोणपाटात पडतात. ऊन आणि केरसुणी हे तिचं औषध. गोचिडाची गोष्ट निराळी. तो चिकटतो, तोंड कातडीत रुतवतो आणि रक्त पीत राहतो. पोट भरलं की आपण होऊन गळून पडतो आणि भिंतीच्या फटीत, बाजेच्या सुंभात, दगडामातीच्या सांध्यात शिरतो. तिथं अंडी घालतो. त्यातून निघालेली मोहरीएवढी पिल्लं महिनोन् महिने उपाशी वाट बघत बसतात. कुत्रं येऊन टेकलं की पुन्हा तेच. म्हणजे ज्याला वाटतं गोचीड कुत्र्यावर राहतो, तो चुकला. गोचीड घरात राहतो, कुत्र्यावर फक्त जेवायला जातो. कुत्रं कितीही धुतलं आणि भिंत तशीच ठेवली, तर ती अंघोळ फुकट.

एवढी साधी गोष्ट. पण ती करायची नाही म्हणून लोकांनी काय काय करावं? रॉकेल चोळून कुत्र्याची कातडी सोलून काढलेली मी पाहिली आहे. तंबाखूचं कडक पाणी पाजून फेस आणलेला पाहिला आहे. जळती विडी लावून गोचीड काढणारे शूरवीर तर गावोगाव. त्यात गोचिडाचं धड जळतं, तोंड आत राहतं आणि तिथं पू होतो. काढायचा तो असा: जरा तेल लावावं, चिमट्यानं कातडीच्या अगदी लगत धरावं, पिरगाळू नये, सरळ वर ओढावं आणि रॉकेलच्या वाटीत टाकावं. घाई नको.

आमच्या गावच्या पोलीस अमीनांच्या, म्हणजे फौजदारांच्या, घरी एक पांढरी मांजर होती. तिला पिसवा झाल्या. अमीनसाहेबांनी वैद्यकी आपल्या हातात घेतली आणि ठाण्यातल्या कोठडीची फरशी ज्या फिनेलनं धुतात त्यातच मांजरीला बुचकळायला शिपायाला सांगितलं. मांजर अंग चाटते. फिनेल पोटात गेलं की संपलंच. आम्हाला बोलावणं आलं तेव्हा ती थरथरत पडलेली. उस्मानमियाँनी तिला रिठ्याच्या पाण्यानं पुन:पुन्हा धुतलं आणि शिपायाकडं बघून म्हणाले, "क्यों मियाँ, ये बिल्ली है या हवालात?" मांजर वाचली. मी मोठ्यानं सांगितलं, की पिसवा मांजरीत नाहीत, गालिच्यात आहेत. अमीनसाहेबांना ते मानवलं नाही. पण बांबूच्या काड्यांच्या पडद्याआडून बेगमसाहेबांचा आवाज आला, "गालिचा उठाव. धूप में डालो. अब्बी." त्या बाईंचं तोंड मी कधी पाहिलं नाही. माझं म्हणणं पहिल्या खेपेला ऐकणारी तेवढी एकच व्यक्ती मला नोकरीत भेटली असं मी म्हणत असे. मग आबा पाटील भेटले.

आबा पाटलांच्या गावाचं नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं तिथं नांदताहेत आणि हा अंक तिकडंही जातो. गाव डोंगराच्या अंगाला, सीताफळाच्या झाडीत. आबांचं राहतं घर गावात, पण त्यांचा जीव मळ्यात. तिथं दगडमातीची एक खोली होती, आत एक बाज, एक घोंगडी, आणि शेवंती. शेवंती म्हणजे कारवानी जातीची कुत्री. लांब पाय, बारीक कंबर, अंगाचा रंग शेवंतीच्या फुलासारखा फिकट पिवळा. आबांनी ती धोतराच्या सोग्यात घालून दवाखान्यात आणली तेव्हा हाताएवढी होती, आणि कानात गोचीड भरलेले. मी त्यांना भिंतीचं सगळं समजावलं. त्यांनी एकदाही "त्यात काय" म्हटलं नाही. उलट विचारलं, "म्हंजी साहेब, औशिद कुत्रीला न्हाई, खोलीला हाय म्हना की."

तेव्हापासून त्या माणसाचा नेम चुकला नाही. पोळ्याच्या आधी आणि संक्रांतीच्या मागंपुढं खोलीच्या फटी लिंपायच्या, वर कळीच्या चुन्याचे दाट हात द्यायचे, बाजेच्या सुंभावर उकळतं पाणी ओतायचं, घोंगडी कडक उन्हात टाकायची. गावच्या सोनाराकडून त्यांनी पितळेचा बारीक चिमटा करून घेतला होता. संध्याकाळी कंदील लावायचा, शेवंतीचं डोकं मांडीवर घ्यायचं, कान अंगठ्यावर उलटा करायचा आणि बघायचं. ती डोळे मिटून पडून राही. एक गोचीड सापडला तरी आबा मला निरोप धाडायचे, जसं काही दरोडा पडला आहे. उस्मानमियाँ म्हणायचे, "साब, इन्नो पाटील नई, सलोत्री है."

आबा एका उन्हाळ्यात तापानं गेले. मला तेराव्यानंतर कळलं. मी कामात होतो, दुसऱ्या तालुक्यात बैलांचा रोग उठला होता. पावसाळा सरता सरता नारायणगडच्या यात्रेत जनावरं तपासायचं काम मला लागलं. ते आटोपून परत येताना मी मुद्दाम त्या गावावरून आलो. घरी पाटलीणबाईंना भेटता येईना. त्या घरात मालक गेल्यावर बाईनं वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही. थोरला मुलगा तात्या आता कारभार बघत होता. चांगला मुलगा, बापावर माया करणारा. त्यानं चहा दिला. मी म्हटलं, शेवंतीला बघून जातो.

मळ्यातली खोली उघडली आणि मी दारातच थांबलो. भिंतीला फटी पडलेल्या, आणि फटींत राखाडी दाण्यांसारखे गोचीड दाटलेले. बाज तशीच. बाजेवर आबांची घोंगडी तशीच, आणि तिच्यावर शेवंती. मला बघून तिनं शेपूट हलवली, पण उठली नाही. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. कान, बोटांच्या बेचक्या, पापण्यांच्या कडा, सगळीकडं गोचीड. आणि खुंटीला आबांचा पितळेचा चिमटा. त्याला हळदकुंकू लावलेलं. त्याच्यावर झेंडूचं ताजं फूल.

रोज सकाळी घरून कुणीतरी येत होतं, पणती लावत होतं, चिमट्याला फूल वाहत होतं आणि त्याच चिमट्याखाली पडलेल्या कुत्रीकडं न बघता परत जात होतं.

मी तात्याला म्हटलं, "हे काय चालवलं आहे?"

तो म्हणाला, "आमच्या घराची रीत हाय साहेब. घरधनी गेला की त्याची जागा वरीसभर हलवायची न्हाई. चुना न्हाई, सारवान न्हाई, बाज उचलायची न्हाई. जीव जागा हुडकीत येतो म्हनत्यात. वळखू याया पायजे त्याला."

"आबांना ही खोली बिनचुन्याची ओळखू येईल? त्यांनी कधी पाहिली होती का अशी?"

तात्याच्या मागं आबांचे धाकटे भाऊ दाजीबा उभे होते. घरातलं वडीलधारं माणूस आता तेच, आणि भावकीत त्यांचा शब्द चालायचा. ते तात्यावरच उखडले. "कावून बे तात्या, सरकारी मानसाला आपल्या घरचं काय सांगायलास? एका कुत्रीपायी बापाचा आत्मा भटकत ठिवनार हाईस का?"

मी त्यांना जे बोललो ते छापण्यासारखं नाही. उस्मानमियाँनी माझा दंड धरला आणि मला झाडाखाली नेलं. मग आम्ही दोघांनी उजेड होता तोवर शेवंतीच्या अंगावरचे गोचीड वेचून काढले. ती निमूट पडून होती, फक्त माझा हात लागला की गुरगुरायची. ती लहान असताना दवाखान्यात मी तिला धुवायचो, तो औषधाचा वास तिला कधी आवडला नाही. निघताना तात्याला म्हटलं, "चुना लावत नसशील तर निदान हिला घरी ने. इथं राहिली तर ही पुन्हा भरणार."

त्यानं नेली. एवढं ऐकलं, ते खरं. पण घरी नेऊन बांधली तर तिनं भाकरीला तोंड लावलं नाही आणि सारखी रडायची. दाजीबांनी सांगितलं, की दाराशी कुत्रं रडणं म्हणजे घरातला आणखी एक जाणार. लगेच सोडली. ती थेट मळ्यात, घोंगडीवर. पाटलीणबाई माजघरात होत्या. त्यांना एवढंच सांगण्यात आलं, की कुत्री मळ्यात राखणीला आहे आणि बरी आहे.

पुढचं ऐका. वर्षश्राद्ध जवळ येऊ लागलं, पै-पाहुणे मळ्यात येणार, आबांच्या जागेला हात जोडणार. तिथं गोचिडानं भरलेली कुत्री बरी दिसत नाही, हे दाजीबांच्याही लक्षात आलं. भिंतीला तर हात लावायचा नाही. मग कुत्रीच साफ करायची असं ठरलं. आमच्या त्या डोंगरात सीताफळाच्या बियांना तोटा नाही. त्यांची पूड उवा-पिसवांना मारते, हे सगळ्यांना माहीत. तात्यानं बिया वाटल्या आणि खळ्यावरच्या वाऱ्यात, कोरडीच पूड मूठमूठ घेऊन शेवंतीला चोळली. कानाला चोळली, कपाळाला चोळली, पापण्यांना चोळली. कारण सगळ्यात जास्त गोचीड तिथंच होते.

सीताफळाच्या बीची पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो. हे सांगायला सलोत्री लागत नाही. त्या गावातली प्रत्येक बाई लेकीच्या डोक्याला ती पूड लावताना आधी डोळ्यांवर ओलं फडकं घट्ट बांधते, आणि धुताना मान मागं करायला लावते. घरात बायका काय कमी होत्या? त्यांपैकी एकीला विचारलं असतं तरी पुरे होतं. पण कुत्रं हे बाप्यांचं काम, आणि बाप्यांना कुणाला काही विचारायची सवय नव्हती.

तात्या तिला बैलगाडीतून माझ्याकडं घेऊन आला तेव्हा फार उशीर झाला होता. आधी त्यांनी दूध घातलं होतं डोळ्यांत, मग मध, मग कुणी सांगितलं म्हणून कांद्याचा रस. दोन्ही बुबुळं दुधाळ झाली होती. आम्ही धुतलं, मलम घातलं, जे होतं ते सगळं केलं. शेवंती खोड्याला धडकली, मग उस्मानमियाँच्या पायाला धडकली आणि तिथंच बसून राहिली. तात्या रडत होता. "मी काय मुद्दाम केलं का साहेब? तिला बरं वाटावं म्हनून केलं."

"ते कळतं मला," मी ओरडलो. "मुद्दाम केलं असतंस तर तुला खोड्याला बांधून मोकळा झालो असतो. आता काय करू तुझं?"

उस्मानमियाँ या खेपेला मला धरायला आले नाहीत.

मी शेवंतीसह त्याच गाडीत बसून त्याच्या गावी गेलो. सरळ घराच्या दारात उभा राहिलो आणि आतल्या पाटलीणबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. भिंत, बाज, हिरड्या, पूड, डोळे. बाहेर भावकी बसली होती, कुणी मला थांबवलं नाही. आतून बाईंनी एवढंच विचारलं, "ते गेल्यापास्न शेवंतीचं कान कोन बघतंय?"

सगळ्यांनी दाजीबांकडं पाहिलं.

"मी इचारलं, कान कोन बघतंय?"

तात्यानं मान खाली घातली. आणि बाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या. भर दुपारी, सगळ्यांदेखत. दाजीबा उठून वाटेत आडवे आले. "वैनी, वरीस सरलं न्हाई अजून. रीत मोडायलाव तुमी."

"रीत त्यांच्यासाठीच हाय न्हवं भावजी?" बाई म्हणाल्या. "मग त्यांनी त्या खोलीचा चुना चुकीवलेलं एक साल सांगा मला. एकच सांगा, मी आत जाते."

दाजीबा वाटेतून बाजूला झाले. बाई पायी मळ्यात गेल्या, आम्ही मागं मागं. खोलीत शिरून त्यांनी आधी त्या चिमट्यावरचं फूल काढून बाजूला ठेवलं. पदरानं हळदकुंकू पुसलं. मग दारात उजेडाला बसल्या, तात्याच्या हातून शेवंतीचं डोकं मांडीवर घेतलं आणि कान अंगठ्यावर उलटा केला. अगदी आबा करायचे तसा. कधी शिकल्या होत्या कोण जाणे. इतकी वर्षं बघितलं असणार. रॉकेलची वाटी मीच आणून दिली. काम करता करता मान वर न करता त्या म्हणाल्या, "तात्या, बाज भाईर काढ. घोंगडी पेटीव. चुना भिजव." आणि तात्यानं सगळं केलं. दाजीबा बांधावर पाठ करून बसले होते. भिंतीत पेटता बोळा घालून फटी जाळल्या तेव्हा आतून तडतड आवाज येत होता. तो ऐकून तरी त्यांनी एकदा मागं बघायला हवं होतं, पण त्यांनी बघितलं नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, आता राग कशाला? कशाला ते सांगतो. संध्याकाळी शेवंतीला स्वच्छ खोलीत सोडलं. ती नाक जमिनीला लावून बाज शोधू लागली. बाज नव्हती. घोंगडी शोधू लागली. घोंगडी जळून गेली होती. भिंतीपाशी गेली तर तिथं ओल्या चुन्याचा वास. डोळे असते तर तिला बाई दिसल्या असत्या, तात्या दिसला असता, ओळखीचं दार दिसलं असतं. डोळे गेल्यावर तिच्याजवळ मालकाचा वास तेवढा उरला होता, आणि तो आम्ही जाळला. जाळल्यावाचून गत्यंतर नव्हतं, त्या घोंगडीत अंड्यांचा थर होता. पण वेळेवर एक घमेलंभर चुना भिंतीला लागला असता, तर घोंगडीवर थर चढला नसता, पूड लागली नसती, काहीच झालं नसतं. ती खोलीभर फिरत राहिली. कुठंच टेकेना.

बाईंनी ते पाहिलं. त्यांनी तात्याला घरी पाठवलं आणि संदुकीतून आबांचा पटका आणायला सांगितला. तात्या जागचा हलेना. तो पटका आबांनी आजारात डोक्यावरून उतरवला तो तसाच, न धुता, लिंबाचा पाला घालून ठेवलेला होता. वर्षश्राद्धाच्या दिवशी भावकीनं तो तात्याच्या डोक्याला बांधायचा होता. बांधला म्हणजे तो घरचा कर्ता. ती पाटलाच्या घरची मोठी गोष्ट. आणि तो आबांचा शेवटचा वास, बाईंनी स्वतःसाठीही संदूक उघडली नसेल.

"आन म्हनते ना," बाई म्हणाल्या.

पटका आला. बाईंनी तो उलगडून कोपऱ्यात अंथरला. शेवंती वास घेत घेत तिथवर गेली, दोनदा गोल फिरली आणि हनुवटी टेकून पडली. बाई तिच्याकडं पाठ करून भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. हात चुन्यानं पांढरा झाला तरी त्यांनी काढला नाही.

वर्षश्राद्धाला मला बोलावणं होतं. उस्मानमियाँनाही होतं. जेवणं झाल्यावर भावकी बसली आणि दाजीबांनी पटका मागितला. कुणीतरी कुजबुजत त्यांना तो कुठं आहे ते सांगितलं. दाजीबा लालबुंद झाले. "पाटलाच्या घरचा पटका कुत्रीखाली? वाडवडलांची अब्रू घालवायली ह्या घरानं!"

तात्या उघड्या डोक्यानं उभा राहिला. त्या सभेत बाकी सगळ्यांच्या डोक्यावर काही ना काही होतं. तो म्हणाला, "पटका शेवंतीपाशी हाय, काका. मी काय तिच्याम्होरं वाकून काढून घ्यायचो न्हाई. कुनाची छाती हुईल त्यानं मळ्यात जावं आन घिऊन यावं." उठून कुणीच गेलं नाही. तात्या पुढं जन्मभर कारभार उघड्या डोक्यानं पाहत राहिला, आणि गावानं त्याला कर्ता मानलं.

लोक ही गोष्ट सांगतात ती बाईंच्या थोरपणाची म्हणून, तात्याच्या धिटाईची म्हणून. दोन्ही खरं आहे. पण मला कुणी तिच्या डोळ्यांबद्दल बोलताना दिसत नाही. त्यानंतर त्या खोलीला दरसाल वेळेवर चुना लागला, चिमटा रोज हातात आला, शेवंतीच्या अंगावर पुन्हा गोचीड दिसला नाही. मी त्या वाटेनं गेलो की डोकावत असे. माझ्या पावलाचा आवाज आला, औषधाचा वास आला, की ती मान वर करून माझ्यावर गुरगुरायची. आणि मग उठून, वास घेत, ज्यानं तिच्या डोळ्यांत पूड चोळली त्या तात्याच्या पायांवर डोकं ठेवून झोपायची.

तिनं त्याला केव्हाच माफ करून टाकलं होतं. मी केलेलं नाही.